फटफटीचे वय आणि आपले वय

साधारण अडीच वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी दवाखाना उघडण्याआधीच एका काकूंचा दूरध्वनी आला. "डॉक्टर, आज हे तुमच्याकडे लायसनच्या कागदावर सही घ्यायला येतील. काहीतरी कारण सांगा आणि परत पाठवा. मी सांगितलं असं मात्र म्हणू नका." अकराच्या सुमारास अण्णा आले. वय ६८, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, बारा वर्षांचा मधुमेह, आमच्या साताऱ्यातले माझे जुने रुग्ण. त्यांनी टेबलावर नमुना १-अ ठेवला, खिशातले पेन काढून माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, "सही तेवढी करा. बाहेर गाडी उभी आहे."

गाडी म्हणजे जावा. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून तयार होऊ लागलेली ही मोटारसायकल पुढे १९७३ पासून येझदी या नावाने निघू लागली आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. अण्णांच्या तरुणपणी त्यांच्याकडे येझदी होती. २०१८ मध्ये जावा हे नाव नव्या रूपात बाजारात परत आले, तेव्हा त्यांनी निवृत्तीच्या पैशांतून ती घेतली. दर रविवारी पहाटे त्यांची चौकडी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारापर्यंत जाते, तिथे चहा घेते आणि नऊच्या आत घरी परतते. या चौकडीतला सर्वांत लहान सदस्य त्या वेळी ५९ वर्षांचा होता.

वाचकहो, हा शेवटचा तपशील माझ्या मनात राहिला. मोटारसायकलवरून केवळ आनंदासाठी भटकणे म्हणजे विशीतल्या मुलांचा उद्योग, असे आपण गृहीत धरतो. घरातले वडीलधारे काळजी करतात आणि तरुण भरधाव निघून जातात, हे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. अण्णांच्या घरी ते नेमके उलटे होते. काळजी करणारा मुलगा अमेरिकेत ओहायोत होता आणि घाटात जाणारे वडील होते.

छंद म्हातारा होतो तेव्हा

त्याच आठवड्यात त्या मुलाचा फोन आला. "डॉक्टरकाका, बाबांना समजवा," एवढे सांगून झाल्यावर तो सहज म्हणाला, "गंमत म्हणजे इथेही रविवारी मोटारसायकलींचा ताफा दिसतो, पण शिरस्त्राण काढलं की सगळ्यांचे केस पांढरे. माझ्या वयाचं कुणी नसतं त्यात."

त्याचे निरीक्षण आकडेवारीशी जुळणारे आहे. अमेरिकेतील मोटारसायकल इंडस्ट्री कौन्सिलच्या पाहण्यांनुसार १९९० मध्ये तेथील मोटारसायकलमालकांचे मध्यम वय ३२ होते. म्हणजे निम्मे मालक त्याहून लहान आणि निम्मे मोठे. २०१८ मध्ये हेच मध्यम वय ५० झाले. अठ्ठावीस वर्षांत वय अठरा वर्षांनी वाढले, याचा सरळ अर्थ असा की ज्या पिढीने हा छंद जोपासला ती पुढे तोच छंद घेऊन म्हातारी होत गेली आणि तिच्या मागून येणाऱ्यांची संख्या रोडावली. तेथील तरुण मोटारच काय, वाहन परवानाही उशिरा काढू लागले आहेत. मिशिगन विद्यापीठातील अभ्यासकांनी दाखवून दिले आहे, की १९८३ मध्ये सोळा वर्षांच्या मुलामुलींपैकी सुमारे ४६ टक्क्यांकडे परवाना होता. २०१४ मध्ये हे प्रमाण २५ टक्क्यांच्याही किंचित खाली आले. शिक्षणासाठी काढलेले कर्ज, शहरातले राहणे, विम्याचा खर्च आणि मित्रांना भेटण्यासाठी घराबाहेर पडण्याची गरज कमी करणारा मोबाइल, अशी अनेक कारणे यामागे सांगितली जातात.

जपानचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. होंडा, यामाहा, सुझुकी आणि कावासाकी यांच्या या देशात १९८२ मध्ये, लहान मोपेड धरून, वर्षाला ३२ लाखांहून अधिक दुचाकी विकल्या जात. गेल्या दशकात तो आकडा चार लाखांच्या आसपास आला. नवी मोटारसायकल घेणाऱ्याचे सरासरी वय तिथे पन्नाशी ओलांडून गेले आहे. तरुणपणी गाडी चालवून, संसाराच्या व्यापात ती सोडून, मुले मार्गी लागल्यावर पुन्हा तिच्याकडे वळणाऱ्या लोकांसाठी जपानी लोकांनी 'रिटर्न रायडर' असा खास शब्दच तयार केला आहे.

या घसरणीला अनेक आर्थिक कारणे होती. परंतु एक कारण पालकांनी घडवलेले होते. अपघात आणि टोळक्यांचा उच्छाद यांना कंटाळून जपानमधील उच्च माध्यमिक शाळांच्या पालक-शिक्षक संघटनांच्या महासंघाने १९८२ मध्ये एक ठराव केला. मुलांना परवाना काढू द्यायचा नाही, गाडी घेऊ द्यायची नाही आणि चालवू द्यायची नाही, असे हे 'तीन नकार' होते. हेतू चांगला होता. पण न शिकलेली मुले पुढे मोठी झाली आणि त्यांना तो छंद परकाच राहिला. ज्यांना गाडी चालवावीच लागली त्यांना ती शाळेच्या देखरेखीत शिकायला मिळाली नाही. २०१९ मध्ये टोकियोशेजारच्या सायतामा प्रांताने हे धोरण मागे घेतले आणि बंदीच्या जागी सुरक्षित चालवण्याचे शिक्षण आणले.

आपल्या घरातला नकार

भारतातले चित्र असे नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आपल्याकडे दुचाकी ही आधी गरज आहे. शेतावर, कारखान्यावर, महाविद्यालयात, बाजारात जाण्यासाठी ती लागते. शिवाय हौसेने बुलेट घेऊन लडाखला जाणारे तरुणही आपल्याकडे भरपूर आहेत. तरीही अनेक सुशिक्षित, मध्यमवर्गीय घरांत मला तोच बदल दिसतो. घरातली गाडी वडिलांची असते आणि मुलगा ॲपवरून टॅक्सी मागवतो.

माझ्या स्वतःच्या घरीही हेच घडले. वैद्यकीय महाविद्यालयात असताना माझ्याकडे वडिलांची जुनी येझदी होती. किक आणि गिअर एकाच दांडीचे, दोन बाजूंना दोन सायलेन्सर आणि आवाज असा की आई दोन गल्ल्या आधीच ओळखून भात टाकायची. तिच्यावरून मी महाबळेश्वर, पाचगणी, वाई पालथी घातली. बहुतेक वेळा हेल्मेटशिवाय. पुढे इंटर्नशिपमध्ये अपघात विभागात रात्रपाळ्या केल्या, माझ्याच वयाच्या मुलांची फुटलेली डोकी पाहिली आणि मनात भीती बसली. मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर त्याने मोटारसायकल मागितली तेव्हा मी एका वाक्यात नाही म्हटले. आज तो पुण्यात नोकरी करतो. मागच्या दिवाळीत मीच त्याला म्हटले, चल, आपण दोघे एकदा कासला जाऊन येऊ. तो हसून म्हणाला, "बाबा, आठवडाभर ट्रॅफिक बघितल्यावर सुटीच्या दिवशी पुन्हा रस्त्यावर कोण जाईल?" त्याचे उत्तर चुकीचे नव्हते. पण ज्या वयात तो शिकला असता त्या वयात मी त्याला अडवले होते आणि आता सोबत मागत होतो, हे माझ्या लक्षात आले.

सांगायचा मुद्दा असा की हा छंद आता मोठ्या प्रमाणात पन्नाशी-साठीपुढच्या लोकांच्या हाती आला आहे. त्यामुळे मोटारसायकलीचा धोका हा केवळ तारुण्याच्या बेदरकारपणाचा प्रश्न राहिलेला नाही. तो वार्धक्याच्या आरोग्याचाही प्रश्न झाला आहे आणि म्हणून या पाक्षिकात त्यावर लिहावेसे वाटले.

साठीनंतर शरीरात काय बदलते?

अमेरिकेत १९७५ मध्ये मोटारसायकल अपघातात मरण पावणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोक पन्नास वा त्याहून अधिक वयाचे होते. अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण सुमारे एक तृतीयांश झाले आहे. चालवणारे वयस्क झाले म्हणून जखमीही वयस्क झाले, हे तर खरेच. पण त्यात आणखी एक भर आहे. ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की अपघातानंतर रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची शक्यता विशी-तिशीतल्या चालकांच्या तुलनेत साठीपुढच्यांमध्ये सुमारे तिप्पट असते. तीच पडझड तरुणाला खरचटून सोडते आणि ज्येष्ठाच्या बरगड्या मोडते. हाडे ठिसूळ झालेली असतात, फुप्फुसांची राखीव ताकद कमी झालेली असते आणि अंगी मधुमेह वा हृदयविकार मुरलेला असतो.

पडण्याची शक्यताही वाढते, ती पुढील कारणांनी.

डोळे : साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर दिवसा काही जाणवत नाही. पण संध्याकाळी समोरून येणाऱ्या दिव्यांचा प्रकाश फुटतो आणि क्षणभर रस्ता दिसेनासा होतो.

मान : मणक्यांची झीज झाली की मान पूर्ण वळत नाही. आरशात न दिसणारे मागचे वाहन पाहण्यासाठी खांद्यावरून मागे पाहावे लागते, तेच टळते.

प्रतिसादाचा वेळ : ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला तर सात मीटर, म्हणजे जवळजवळ दोन मोटारींची लांबी, हातची जाते.

पाय आणि तोल : आजच्या अनेक मोटारसायकलींचे वजन पावणेदोनशे ते दोनशे किलो असते. चालताना ते जाणवत नाही, थांबताना जाणवते. वाळूवर किंवा उतारावर पाऊल सरकले की गाडी एका बाजूला कलते आणि ती सावरण्याइतकी ताकद मांड्यांत नसेल तर माणूस तिच्याखाली जातो. दीर्घकाळच्या मधुमेहात तळपायांची संवेदना कमी होते. मग ब्रेकवर पाय किती दाबला, हेच कळत नाही.

औषधे : याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या दुसऱ्या दिवशीही गुंगी ठेवतात. प्रोस्टेटसाठीच्या काही गोळ्यांनी आणि रक्तदाबाच्या औषधांनी उभे राहताच रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन, न्याहारी न करता पहाटे निघालेल्या माणसाची साखर घाटातच उतरू शकते. हृदयासाठी वा पक्षाघातानंतर रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर डोक्याला बसलेला किरकोळ वाटणारा मारही गंभीर ठरू शकतो. कवटीच्या आत सावकाश रक्त साचते आणि काही आठवड्यांनंतर डोकेदुखी, विसराळूपणा, चालताना झोक जाणे अशी लक्षणे दिसू लागतात. 'वय झाले' म्हणून ती सोडून देऊ नयेत. त्याआधी कधी पडझड झाली होती का, हे आठवावे आणि डॉक्टरांना अवश्य सांगावे.

मग बंदच करावी का?

काकूंना हेच उत्तर हवे होते आणि माझ्या मनातही तेच पहिल्यांदा आले. परंतु वैद्याने नकाराची किंमतही मोजली पाहिजे. वाहन चालवणे सुटलेल्या ज्येष्ठांविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गाडी सुटल्यानंतर नैराश्याच्या लक्षणांचा धोका जवळजवळ दुप्पट होतो असे दिसले. ते अभ्यास मोटारीचे होते. पण हातातून किल्ली जाण्याचे दुःख वाहनागणिक फार बदलत नाही. निवृत्त माणसाला पहाटे उठायला कारण हवे असते, वाट पाहणारे चार सोबती हवे असतात. अण्णांची साखर सर्वांत नियंत्रणात राहिली ती याच वर्षांत, हे मला त्यांच्या जुन्या नोंदींवरून दिसत होते.

जपानमधील तोहोकू विद्यापीठाचे मेंदूतज्ज्ञ रयुता कावाशिमा यांनी यामाहा कंपनीच्या सहकार्याने २००९ च्या सुमारास एक प्रयोग केला. परवाना असूनही दहा वर्षे गाडी न चालवलेल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी काहींना दोन महिने रोजच्या व्यवहारात मोटारसायकल चालवायला दिली. त्यांच्या स्मृतीच्या आणि लक्ष देण्याच्या चाचण्यांत सुधारणा दिसली, ताणही कमी वाटला. प्रयोग लहान होता, गाड्या बनवणाऱ्या कंपनीशी जोडलेला होता आणि त्यातली माणसे सत्तरीची नव्हती. म्हणून त्याला औषधाची चिठ्ठी समजू नये. तरी अवधान, तोल आणि निर्णय यांना सतत कामाला लावणारी ही कृती आहे, हे कुणाही चालकाला पटेल.

तेव्हा 'चालवू द्यावी की बंद करावी' असा प्रश्न करण्याऐवजी 'या व्यक्तीचे शरीर आज, या गाडीवर, या रस्त्यावर सुरक्षित आहे का' असा प्रश्न करावा. त्याचे उत्तर रागाने वा मायेने देता येत नाही. ते तपासून द्यावे लागते.

नमुना १-अ : एक दुर्लक्षित संधी

आपल्या कायद्यात यासाठी एक चांगली सोय आहे. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर खासगी वाहनाच्या परवान्याचे नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांसाठीच होते आणि चाळिशीनंतर त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र, म्हणजेच नमुना १-अ, द्यावे लागते. त्यातले प्रश्न साधे पण नेमके आहेत. चांगल्या उजेडात २५ मीटर अंतरावरून मोटारीच्या क्रमांकाची पाटी वाचता येते का? लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का? रातांधळेपणा आहे का? नेहमीचे भोंगे ऐकू येतात का? हातापायांत वाहन चालवण्याला बाधा आणणारा दोष आहे का?

आम्हा डॉक्टरांकडून हा कागद अनेकदा न तपासताच सही करून दिला जातो, हे मी आमच्या व्यवसायातला एक दोष म्हणून मान्य करतो. मीही पूर्वी तसे केले आहे. पण त्या दिवशी काकूंच्या फोनने मला थांबवले. मी अण्णांना म्हटले, "सही करतो, पण कागदावर विचारलंय ते सगळं आधी तपासतो."

बाहेर रस्त्यावर पंचवीस मीटर मोजून उभ्या मोटारीची पाटी वाचायला सांगितली. चारपैकी दोन अंक चुकले. मान उजवीकडे निम्मीच वळत होती. झोपून उठल्यावर उभ्याने घेतलेला रक्तदाब बराच उतरत होता. प्रोस्टेटची गोळी ते सकाळी घेत होते. मग मी विचारले, "अलीकडे कधी पडलात?" थोडा वेळ शांत राहून ते म्हणाले, "दोन महिन्यांपूर्वी. घाटात थांबलो आणि खडीवरून पाय घसरला. घरी सांगितलं, फाटक लागलं."

त्या दिवशी मी सही केली नाही. परवान्याची मुदत संपायला चार महिने होते. अण्णा रागावून गेले. आठवडाभराने परत आले ते काकूंना घेऊन, आणि फाटकाची खरी हकीकत त्यांनी माझ्यासमोर काकूंना सांगितली. काकूंनीही फोनची गोष्ट कबूल केली. खरे उपचार तिथून सुरू झाले, असे मला वाटते.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. येथे एक सूचना : प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी चालू असेल किंवा पूर्वी घेतली असेल, तर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी नेत्रतज्ज्ञांना ते आवर्जून सांगावे, या गोळीने बुबुळाचा पडदा शस्त्रक्रियेत सैल पडतो आणि त्यांना विशेष काळजी घ्यावी लागते. अण्णांची गोळी मी रात्री घ्यायला सांगितली, मानेचे आणि मांड्यांचे व्यायाम दिले. तीन महिन्यांनी त्यांनी पाटी बिनचूक वाचली आणि मी सही केली. त्यासोबत एका साध्या कागदावर आम्ही तिघांनी अटी लिहिल्या आणि तिघांनीही सह्या केल्या.

आपणही ठरवावे असे काही नियम

१. पूर्ण उजेड झाल्यावरच निघावे आणि अंधार पडण्याआधी परतावे. पावसात वा धुक्यात जाऊ नये.

२. निघण्याआधी न्याहारी करावी. मधुमेह असल्यास साखर तपासावी आणि खिशात साखर वा ग्लुकोज ठेवावे.

३. मानक चिन्ह असलेले, पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट पट्टा बांधून घालावे. हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे जगभरच्या अभ्यासांचा आढावा सांगतो.

४. नवे औषध सुरू झाले की पहिले काही दिवस गाडीला हात लावू नये आणि डॉक्टरांना 'मी दुचाकी चालवतो' हे न विचारता सांगावे.

५. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतील आणि स्वतःला मेन स्टँडवर घेता येईल इतकीच जड गाडी ठेवावी. मोठी गाडी परवडते म्हणून ती झेपते असे नाही.

६. मागे नातवंडांना बसवू नये. जोडीदार बसत असेल तर दोघांनाही हेल्मेट हवे. साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या भगिनींनी पदर आणि निऱ्या आवरून घ्याव्यात, चाकाला साडीगार्ड असावे. खरे तर पंजाबी पोशाख घालून दोन्हीकडे पाय टाकून बसणे अधिक सुरक्षित.

७. लेह-लडाखचा बेत असेल तर हृदयाची आणि फुप्फुसांची तपासणी आधी करावी. लेहची उंची सुमारे ३,५०० मीटर आहे आणि खारदुंग-ला ५,३०० मीटरहून उंच. लेहला पोहोचल्यावर किमान दोन दिवस विश्रांती घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

८. दर सहा महिन्यांनी डोळे, पावलांची संवेदना आणि उभ्याने रक्तदाब तपासावा.

घरच्यांसाठी

काळजी घेणाऱ्यांनी काही खुणांवर लक्ष ठेवावे. गाडीवर नवे ओरखडे दिसतात का? वळल्यानंतरही इंडिकेटर चालूच राहतो का? ओळखीच्या रस्त्यावर वळण चुकते का? मागच्या गाड्या वारंवार भोंगा वाजवतात का? पूर्वी एका तासात होणारी फेरी आता दोन तासांची झाली का? यातली एक खूण दिसली तर विचारावे. दोन-तीन दिसल्या तर डॉक्टरांकडे जावे.

किल्ली लपवू नये. पाहुण्यांसमोर विषय काढू नये. 'तुमचे वय झाले' असे न म्हणता 'परवा वळणावर ट्रक आला तेव्हा मला भीती वाटली' असे नेमके बोलावे. थांबायची वेळ आली तर गाडीसोबत माणसे सुटणार नाहीत, याची सोय आधी करावी. आणि घरातल्या तरुणाला रस असेल तर त्याला तोडून टाकू नये. योग्य वयात, परवाना काढून, हेल्मेट घालून, आपल्या देखरेखीत शिकवावे. आपण शिकवले नाही तर तो कुणाकडून शिकेल, हे आपल्या हाती राहत नाही.

थांबण्याची तारीख

अण्णा त्यानंतर दीड वर्ष कासला जात राहिले. तिसऱ्या तपासणीत मी त्यांच्या तळपायाला नायलॉनचा बारीक धागा टेकवला तेव्हा उजव्या पायाच्या अंगठ्याला आणि चवड्याला तो कळला नाही. मी काही बोलण्याआधीच ते म्हणाले, "मागच्या महिन्यात दोनदा ब्रेक आहे त्यापेक्षा जास्त दाबला गेला. मला वाटलं, बूट नवीन आहेत." आमच्या कागदावरची शेवटची अट हीच होती, पायाची संवेदना गेली तर गाडी बंद. त्यांनी ती वाचून दाखवली नाही, मीही नाही. त्याच आठवड्यात त्यांनी गाडी विकायला काढली.

ओहायोतल्या मुलाला विचारून झाले होते; त्याला नको होती. पुतण्याला नको होती. शेवटी एक गृहस्थ आले, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, सुरू करून आवाज ऐकला आणि सांगितलेली किंमत देऊन घेऊन गेले. तेही नुकतेच निवृत्त झाले होते. अण्णांनी त्यांना कागदपत्रांसोबत माझा पत्ता दिला आणि म्हणाले, "सहीसाठी यांच्याकडे जा. पण पाटी वाचायला लावतात."

चौकडी अजून रविवारी कासला जाते. अण्णा आता एका मित्राच्या मोटारीत बसून मागाहून पोहोचतात. चहा तोच, वेळ तीच. मीही माझ्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो आणि त्यांना आधी तपासायला सांगितले. घरी मी माझ्या अटींचा कागद लिहिला, पत्नीची सही घेतली आणि पुण्याला मुलाकडेही एक प्रत पाठवली. आपल्या घरी कुणी साठीपुढचे गाडी चालवत असेल, तर हा अंक मिटण्याआधी तसा एक कागद लिहावा. कोणत्या लक्षणाला थांबायचे, हे अंगात ताकद असताना स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेले असले, की ती वेळ आल्यावर घरात कुणालाच कुणाशी भांडावे लागत नाही.